बाकावरचे सासरे आणि मागचा झोपाळा

कर्जतच्या बागेत झोपाळा हवा, ही कल्पना माझी. ती कमिटीपुढे मांडली माझ्या सासऱ्यांनी, आणि मांडताना "बायका येतील, त्याची हमी मी घेतो," असं बोलून बसले. पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे झालं.

बाग म्हणजे कचेरी आणि नदी यांच्यामधला एक लांबट तुकडा. मी लग्न होऊन खालापुराकडून कर्जतला आले तेव्हा तिथे पाणी नसलेला हौद, वाळवी लागलेला मल्लखांब, पाय मोडलेले दोन बाक आणि शेळ्या एवढंच होतं. कुंपण शेराचं, तेही नदीच्या अंगाला तुटलेलं. घाटात विजेची इंजिनं यायच्या आधीचे ते दिवस. चढाला मागून इंजिनं लावायची म्हणून प्रत्येक गाडी कर्जतला थांबायची, आणि गावातली निम्मी बिऱ्हाडं रेल्वेची होती. माझे यजमान गार्ड होते, आठवड्यातले चार दिवस बाहेर. सासरे रेल्वेतच तारमास्तर होते, आता पेन्शनीत. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून रोज सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. त्यामुळे आमच्या घरात सासरा-सुनेचं बोलणं इतर घरांपेक्षा बरंच मोकळं होतं. मी त्यांना मामंजी म्हणत असे. ते मला सूनबाई म्हणत, आणि मजकुरातला एखादा शब्द मी गाळला तर लगेच ओळखत.

बाग नीट करायची असं गावातल्या पाच-सहा मंडळींनी ठरवलं. त्यांची कमिटी झाली. चिटणीस एक तरुण वकील होते. त्यांना व्यायामाचं वेड. नवा मल्लखांब, डबल बार, लांब उडीसाठी वाळू, अशी त्यांची यादी तयार होती. मामंजींनी ती यादी माझ्याकडून वाचून घेतली.

"काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"हे सगळं पोरांसाठी आणि बाप्यांसाठी झालं," मी म्हटलं. "बायकांना काय?"

"बायका बागेत येऊन काय करणार?"

"झोपाळा असला तर झोके घेतील. आमच्याकडे तळ्यावर होता. संध्याकाळी देवळात जाऊन येताना सगळ्या बसायच्या."

मामंजींनी ते कमिटीत मांडलं. वकिलांनी विरोध केला नाही, पण झोपाळा रिकामा राहिला तर ती जागा डबल बारला घ्यायची असं कलम घालून घेतलं. तेव्हाच मामंजींनी ती हमी दिली. तीन महिन्यांनी बघायचं ठरलं.

काम झोकात झालं. यार्डातले मोडीत निघालेले रूळ मिळाले. रेल्वेतल्या एका फिटरने त्यांचे दोन खांब उभे केले, वर एक रूळ आडवा टाकला आणि साखळ्या अडकवल्या. फळी सागवानी होती. झोपाळा पक्का आहे ना हे बघायला फिटर स्वतः, त्याचा मदतनीस आणि बागेचा माळी असे तिघे एकदम त्यावर बसले आणि दहा मिनिटं झुलले. ते मी आमच्या माडीवरून पाहिलं. तिघांपैकी एकालाही उतरायची घाई नव्हती.

झोपाळा बागेच्या मागच्या टोकाला, नदीकडे. त्याच्यापुढे मेंदीचं दाट कुंपण लावलं, म्हणजे रस्त्यावरून दिसायला नको. हेही मीच मामंजींना सुचवलं होतं. शेळ्या येऊ नयेत म्हणून शेराच्या जुन्या कुंपणाला तारा ओढल्या. दर्शनी बाजूला, कचेरीसमोर, फाटक बसवलं. फाटकातून आत शिरताच दोन्ही हातांना रुळाच्या लोखंडाचेच भक्कम बाक केले. ते जमिनीत गाडलेले होते.

बागेचं उद्‌घाटन झालं. पानसुपारी झाली. नंतर तीन महिने झोपाळ्यावर कोणी बसलं नाही.

हे मला मामंजींकडूनच कळत होतं, कारण मेंदीआड गेल्यावर झोपाळा आमच्या माडीवरून दिसत नव्हता, आणि रोज संध्याकाळी ते तिथेच असत. घरी आले की काठी कोपऱ्यात ठेवता ठेवता सांगत, "आजही कोणी नाही." पुढे पुढे ते नुसतीच मान हलवत. वकील दर दोन दिवसांनी त्यांना विचारत, "काय तारमास्तर, झोपाळ्याची तार आली का?" हा विनोद मामंजींनी मला स्वतःहून सांगितला, म्हणजे तो त्यांना चांगलाच झोंबला होता. चाळीस वर्षांच्या नोकरीत आपण पाठवलेला एक शब्दही खोटा निघाला नाही, याचा त्यांना अभिमान होता. आता बायकांच्या झोपाळ्यापायी खोटं पडायची पाळी आली होती.

मला प्रश्न पडला. बायकांना झोपाळा आवडतो, यात मला शंका नव्हती. मग घोडं अडलं कुठे? मी दोघी-तिघींना विचारलं. एक म्हणाली, वेळ नसतो. एक म्हणाली, लोखंड गार लागतं. तिसरी म्हणाली, मुलीच्या परकराला गंज लागेल. तिन्ही कारणं मला खोटी वाटली, पण खरं कोणतं ते सुचेना. आणि गंमत अशी की मी स्वतःही एकदाही गेले नव्हते. विचारलं असतं तर मीही वेळ नसतो असंच सांगितलं असतं.

एके दिवशी मामंजी चष्म्याचं घर बाकावर विसरले. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून भर दुपारी मीच आणायला गेले. कचेरीच्या ओसरीवर चिटपाखरू नव्हतं. माळी हौदाच्या सावलीत झोपलेला. चष्म्याचं घर मिळालं. आलेच आहे तर झोपाळा बघून यावा, म्हणून मेंदीच्या मागे गेले.

फळी गुळगुळीत झाली होती. नव्या सागवानाचा खरबरीतपणा मधल्या वीतभर भागात पार गेला होता. साखळ्या हाताच्या उंचीवर चकचकीत, बाकी ठिकाणी गंजलेल्या. झोपाळ्याखाली जमिनीत पाय घासून घासून दोन लांब चर पडलेले.

कोणीही न बसता फळी झिजते कशी? मी खाली बसून चर नीट पाहिले. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली आणि चुलीतली राख टोपलीत घेऊन गेले. झाडांना घालायला नेतेय, असं कोणी विचारलं तर सांगणार होते. कोणी विचारलं नाही. राख झोपाळ्याखाली पसरून आले. तिसऱ्या दिवशी राखेत पाऊलखुणा होत्या. अनवाणी, रुंद पावलं, बोटं फाकलेली, टाच खोल गेलेली. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या पायाची टाच अशी उमटते. बाजूला पळसाच्या पानांचा एक तुकडा, काडीने टाचलेला.

चौथ्या दिवशी मी जरा लवकर गेले, आणि दोघी सापडल्या. डोंगरातल्या ठाकरणी, मोळ्या आणि पत्रावळीची पानं विकायला बाजारात येणाऱ्या. एक माझ्याच वयाची, झोपाळ्यावर. दुसरी थोडी म्हातारी, जमिनीवर पाय पसरून बसलेली. मला पाहून झोपाळ्यावरची उतरली नाही, नुसता वेग कमी केला.

"तुम्ही रोज येता?" मी विचारलं.

"बाजाराला रोजच येतो. मोळी इकून झाली का चार झोकं घेतो. पाय हलकं व्हत्यात. मंग चढ चढायचा असतो ना."

"कोणी हटकत नाही?"

"कोन हटकनार? माळी झोपतो, कचेरी जेवती." तिने पायाने जमीन रेटली. "तुमी राख टाकली व्हती का गं परवा?"

"हो."

"मी बोललेच हिला, आपल्या पायाचं चित्र काढतंय कोनतरी."

म्हातारी हसली. मी विचारलं, "आमच्या बायका इथे का येत नाहीत? तुम्हाला काय वाटतं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, "बाय, तुमाला लिवता-वाचता येतं का?"

"येतं."

"मंग दारात कोन बसतंय त्ये वाचाय येत नाय? सांजच्याला पाच सासरं बसत्यात दाराच्या दोन अंगाला, एकेका घरचा एकेक. त्यांच्या मदनं सून झोका घ्याय कशी जाईल? आदी तिकडं तारंपाशी वाट व्हती, त्ये खिंडार. बायका देवळातनं परस्पर शिरायच्या. त्ये तुमी बुजवलंत."

"पण तुम्ही दारातूनच येता ना?"

"आमचा सासरा डोंगरावं हाय," झोपाळ्यावरची म्हणाली, आणि पुन्हा वेग घेतला.

मी तिथेच उभी राहिले. रोज सकाळी ज्या माणसाला मी वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, त्याच्यासमोरून चौघांच्या देखत झोपाळ्याकडे चालत जाणं मला जमलं नसतं. ते मी कधी मनाशी उच्चारलंही नव्हतं. पाय आपोआप दुसऱ्या रस्त्याने जात होते, आणि मी वेळ नाही असं समजत होते.

शेजारच्या घरात मी हे सांगायला गेले. तिथली सून माझी मैत्रीण. तिचे सासरे पोलिसातले निवृत्त जमादार, बाकावरच्या पाचांपैकी सगळ्यात मोठ्या आवाजाचे. ती तांदूळ निवडत होती.

"हे तुला आत्ता कळलं?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मग मी विचारलं तेव्हा लोखंड गार लागतं असं का सांगितलंस?"

"तुझे सासरे त्या कमिटीत, झोपाळा तुझ्या डोक्यातून निघालेला. तुला काय सांगायचं, तुमच्या शहाण्यांनी फाटकात सासऱ्यांचं जकातनाकं बसवलंय म्हणून?"

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचताना मी पहिल्या पानानंतर थांबले आणि मामंजींना सगळं सांगितलं. ठाकरणींचंही. 

"मी बसतो म्हणून तूही येत नाहीस?"

"नाही येत."

"घरात तर बोलतेस की."

"घरात बोलते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाक हलायचे नाहीत. गाडलेत. आणि जमादार जागा सोडणार नाही, त्याला येणारा-जाणारा मोजायचा असतो. ठाकरणी बसतात हे वकिलाला सांगून बघतो. वाच पुढे."

त्यांनी सांगून बघितलं. वकील म्हणाले, "त्या गावातल्या नव्हेत. कलमात गावातल्या बायका असं अभिप्रेत आहे." कलमात तसं काही नव्हतं. मामंजी त्यावरून भांडले, पण कमिटीतले बाकीचे चौघे, म्हणजे बाकावरचेच, वकिलांच्या बाजूला झुकत होते. येत्या गुरुवारी संध्याकाळी, बाकावरच बसून, झोपाळ्याचा निकाल लावायचा असं ठरलं. फिटरला साखळ्या काढण्यासाठी शुक्रवारी बोलावूनही ठेवलं होतं.

आता उरले चार दिवस. मी माडीवरून बाकांवर नजर ठेवली. पाचही जण साडेपाचला येत आणि दिवेलागणीला उठत. मधल्या वेळात फक्त एकदाच जागा सोडत. संध्याकाळची मेल सुटायची शिट्टी झाली की सगळे लगबगीने बागेच्या उजव्या कोपऱ्यात जात, कारण तिथून घाटाकडे वळणारी गाडी दिसे. खिशातली घड्याळं काढून गाडी किती मिनिटं उशिरा आहे यावर वाद घालत. मागच्या इंजिनाचा धूर दिसेनासा झाला की परत बाकावर. तेवढा वेळ फाटक मोकळं असे, आणि सगळ्यांच्या पाठी फाटकाकडे असत.

गुरुवारी मी, जमादारांची सून आणि बाकावरच्याच घरांतल्या आणखी तिघी कचेरीच्या पलीकडे पिंपळाच्या पाराशी उभ्या राहिलो. हातात हळद-कुंकवाची तबकं, देवळात निघाल्यासारख्या. शिट्टी झाली. सासरे उठले, कोपऱ्यात गेले. आम्ही फाटकातून आत शिरलो आणि मेंदीमागे पोचलो. पळालो नाही, पण चालण्याला चालणं म्हणता येणार नाही असं काहीतरी केलं.

मग झोके. आधी जमादारांची सून बसली, मग दोघी-दोघी. पदर खोचले, तबकं मेंदीच्या बुंध्याशी ठेवली. लोखंड अजिबात गार नव्हतं, दिवसभराच्या उन्हाने तापलेलं होतं. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तू आता गप्प बस आणि रेट."

तेवढ्यात कोपऱ्यातली मंडळी परतून बाकावर बसली, आणि माझ्या ध्यानात आलं की मी आत यायचा विचार केला होता, बाहेर पडायचा केलाच नव्हता. दिवेलागणीपर्यंत आता दुसरी मेल नव्हती. मालगाड्यांना ते उठत नसत.

"आता?" जमादारांच्या सुनेने विचारलं.

"आता झोके घे," मी म्हटलं, कारण दुसरं काही सुचेना.

थोड्या वेळाने वकील आले आणि बैठक सुरू झाली. मेंदीपलीकडून शब्द अन् शब्द ऐकू येत होता. वकिलांनी कलम वाचून दाखवलं. म्हणाले, "तीन महिन्यांत गावातली एकही स्त्री झोपाळ्याकडे फिरकलेली नाही, ही वस्तुस्थिती आहे."

झोपाळ्याची डावी कडी कुरकुरली. आम्ही पायाने थांबवायला गेलो, तर आणखी मोठ्याने कुरकुरली.



"हा आवाज कसला?" पलीकडून कोणीतरी विचारलं.

"वारा," वकील म्हणाले.

"पान हलत नाहीये," जमादार म्हणाले. "थांबा, मी बघून येतो."

माझ्या शेजारी जमादारांची सून दगड झाली. तेवढ्यात मामंजींचा आवाज आला, शांत. "जमादार, बसा. तिकडे बायका आहेत."

"कशावरून?"

"मघापासून हसताहेत. मला कमी दिसतं, ऐकू कमी येत नाही. आणि त्यातल्या एकीचं हसणं तुमच्या घरातलं आहे. बघून यायचं तर जा, आम्ही नाही येत."

जमादार गेले नाहीत. एका सासऱ्याने खाकरून घसा साफ केला. वकील म्हणाले, "पण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कमिटीने मान्य कसं करायचं?"

"मग तुम्ही पाहा. तुमचं लग्न व्हायचंय, तुम्हाला सून नाही."

"मी कसा जाऊ? परक्या बायका तिकडे..."

"मग मान्य करा."

 आमच्यातल्या एकीने तोंडात पदर कोंबला. पण अंधारून यायला लागलं होतं, आणि हसू लवकरच ओसरलं. पाच घरच्या चुली थंड होत्या. दोघींची लहान मुलं शेजारी ठेवलेली होती. एक रडवेली होऊन म्हणाली, तारेखालून सरपटत जाऊ. तारा मी पाहिल्या. फिटरने कामात कसूर ठेवली नव्हती.

पलीकडेही कोणी उठेना. नेहमीची उठायची वेळ होऊन गेली. त्यांचीही पंचाईत कळत होती. आधी उठून घरी जावं तर घरी कोणी नाही, आणि कोण नाही ते चारचौघांत उघड होणार. बसून राहावं तर सुना बाहेर येत नाहीत. असे आम्ही दोन्हीकडचे लोक मेंदीच्या दोन बाजूंना बराच वेळ बसून राहिलो.

मग लांबून मालगाडीची शिट्टी झाली. मामंजींची काठी लोखंडावर वाजली.

"चला," ते म्हणाले. "गाडी बघू."

"अहो, मालगाडी आहे ती," जमादार म्हणाले.

"मालगाडीही वेळेवर जाते की नाही, ते बघायला हवं."

"मालगाडीला वेळ कुठली?"

"जमादार, चला म्हणतो ना."

काठी खडीवर टेकत कोपऱ्याकडे निघाली. तिच्यामागून वहाणा वाजल्या. मी मोजल्या, चार जोड. मग घाईघाईने पाचवा, वकिलांचा. आम्ही तबकं उचलली आणि फाटकातून बाहेर पडलो. मी एकदा मान वळवून पाहिलं. कोपऱ्यात सहा पाठी एका ओळीत उभ्या होत्या. अंधारात त्यांना मालगाडीचा धूरही दिसत नसणार.

त्या संध्याकाळी पाचही घरांत पानं उशिरा वाढली गेली, आणि एकाही सासऱ्याने का म्हणून विचारलं नाही. निदान जमादारांच्या सुनेने आणि मी तरी तसंच एकमेकींना सांगितलं.

आमच्याकडे भात टाकून मी पिठलं लावेपर्यंत मामंजी पाटावर येऊन बसले होते.

"आम्ही तिथेच उभ्याने ठरवलं," ते म्हणाले. "झोपाळा राहतोय. नदीकडच्या तारेत एक लहान फाटक करायचं. वकीलच म्हणाले, करायला हवं. डबल बार हौदाच्या पलीकडे जातोय."

"शेळ्या शिरतील."

"खटका लावू. शेळीला उघडत नाही असा खटका फिटरला येतो." त्यांनी भात कालवला. "ठाकरणींनाही तिकडूनच येऊ दे. दुपारी काय, केव्हाही. मी तसं लिहूनच घेतलंय, मग वकिलाला पुन्हा काही अभिप्रेत नको."

मी पिठलं वाढलं. ते घास घेता घेता थांबले.

"तो कुरकुरतो कुठे? डावीकडे?"

"डावीकडची वरची कडी."

"उद्या फिटर साखळ्या काढायला येतोय. त्याला म्हणावं, आलाच आहेस तर तेल घाल."

त्याला कोणी निरोप दिला नव्हता, म्हणून शुक्रवारी सकाळी तो पाना घेऊन आलाच. मी झोपाळ्यापाशी जाऊन त्याला सांगितलं. त्याने तेल घातलं, आणि कडी नीट झाली का ते पाहायला फळीवर बसला. बराच वेळ बसला होता.